गरिबी हटेपर्यंत मूल थांबत नाही

1971 च्या सुमारास जामखेड परिसरातल्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 176 बाळे वर्षाची होण्याआधीच दगावत होती. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. मधल्या काळात जामखेड श्रीमंत झाले नव्हते. उलट 1972 चा दुष्काळ याच वर्षांत येऊन गेला. जमीन तीच, पाऊस तसाच बेभरवशाचा, मजुरी तुटपुंजी. तरी मुले जगू लागली. गरिबी आणि बालविकास यांचे नाते समजून घ्यायचे असेल तर ही विसंगती नीट उलगडायला हवी.

गरिबी बाळापर्यंत अनेक वाटांनी पोहोचते: आईच्या अर्धपोटी गरोदरपणातून, गढूळ पाण्यातून, चुकलेल्या लशीतून, महिन्या-दोन महिन्यांनी उलटणाऱ्या जुलाबातून. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते आणि तान्ह्या बाळाच्या शरीरातली निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. अशा वेळी सतत आजारी पडणाऱ्या मुलाचे वजन तर घटतेच, पण ते मलूल होते, खेळत नाही, आणि न खेळणाऱ्या मुलाशी मोठी माणसेही कमी बोलतात. भूक आणि अबोला एकमेकांना खतपाणी घालतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2016 साली आलेल्या अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली पाच वर्षांखालची सुमारे 25 कोटी मुले, म्हणजे 43 टक्के, आपल्या क्षमतेइतकी वाढू न शकण्याच्या धोक्यात होती. हा अंदाज खुरटलेली उंची आणि टोकाची गरिबी या दोनच खुणांवर बेतलेला आहे, म्हणून तो ढोबळच मानायचा. पण प्रश्नाचा आवाका त्यातून कळतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका पाठवण्याचा प्रयोग फारसा साधला नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या गेल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावात परतून गरोदर बाईची तपासणी, बाळाचे वजन, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी, चिकाचे दूध फेकून न देण्याचा आग्रह, असे काम करत. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे सोबतीला होती. पाण्यासाठीच्या बोअर दलित वस्तीत घेतल्या गेल्या, त्यामागे पाण्याबरोबर जातीचाही विचार होता. माझ्या मते जामखेडचे खरे यश इथे आहे: आजार ओळखणारी नजर दवाखान्यातून उंबरठ्यापर्यंत आली. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 च्या आपल्या पुस्तकात या कामाची दखल घेतली, आणि तीन वर्षांनी अल्मा-आटा परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला.

जामखेडमधल्या बालमृत्यूचे सुरुवातीचे आकडे प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींतले आहेत, त्यामुळे शंका घेणे रास्तच. पण 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने प्रकल्पातल्या आणि प्रकल्पाबाहेरच्या गावांची तुलना केली, तेव्हाही प्रकल्पातल्या गावांत बालमृत्यूचा धोका कमी आढळला. दुसरी शंका अधिक खोल आहे: मूल जगले म्हणजे वाढले का? नाही. वाढीसाठी आणखी काय लागते, याचे उत्तर जमैकात मिळते. तिथे 1986-87 मध्ये 129 खुरटलेल्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत होत्या. वीस वर्षांनी या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा 25 टक्के जास्त निघाली. खेळणी घरगुती, शिकवणाऱ्या साध्या बाया.

‘आधी गरिबी हटवा, बाकी आपोआप होईल’ हा आक्षेप मात्र वरवर जितका क्रांतिकारी, तितकाच सोयीचा आहे. महाराष्ट्र देशातल्या सधन राज्यांत मोडतो. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 35.2 झाले. रक्तक्षय असलेली मुले 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेली. पैसा वाढला की मूल आपसूक वाढते, असे हे आकडे म्हणत नाहीत. अर्थात नुसत्या देखभालीने भागेल, हे उलट टोकही चुकीचे. जामखेड, पाथर्डी, बीडमधून ऊसतोडीला जाणारे कोयते, म्हणजे मजुरांच्या नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. पोरे टोळीबरोबर जातात आणि अंगणवाडीचा आहार, लस, वजनाची नोंद गावीच राहते. मजुरी अशी असेल की पाचटाच्या खोपीत मूल वाढवावे लागते, तर कोणतीही सेविका एकटी पुरी पडणार नाही. कामाचे दाम आणि बाळाची देखभाल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागायला हव्यात.

‘आरोळ्यांसारखी माणसे कुठून आणायची?’ असेही विचारले जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि 1999 मध्ये तिथली मृत्यूतली घट जगासमोर मांडली. म्हणजे ही किमया एका गावापुरती नव्हती. 2005 नंतर ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांच्या रूपाने सरकारनेही तीच वाट धरली. फक्त ती अर्धीच धरली. उंबरठ्यापर्यंत जाणारी नजर सरकारला हवी आहे, तिचे वेतन द्यायचे नाही: आशा शासनाच्या लेखी आजही कर्मचारी नाही, मानधनावरची स्वयंसेविका आहे.