आजारपण, रजा आणि नोकरी

दुष्काळांत रयतेसाठीं सरकारी खजिना मोकळा करणाऱ्या मामलेदाराला सटाण्यानें देव मानलें, त्याचें मंदिर बांधलें. अशा गांवीं सरकारी नोकरीची प्रतिष्ठा निराळी सांगावयास नको. म्हणूनच कचेरींतील एखादा कारकून मनाच्या ताणानें खचून महिनोन्‌महिने घरीं बसला, म्हणजे घरच्यांना आजारापेक्षांही बडतर्फीच्या हुकुमाची धास्ती अधिक वाटते.

या धास्तींत दोन गोष्टींची गल्लत होते. आजार हा अपराध नव्हे. परवानगीवांचून गैरहजर राहणें हा मात्र अपराध ठरूं शकतो. तेथेंही २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हें सिद्ध झाल्यावांचून ती गैरवर्तन ठरत नाहीं. आजारपणासारख्या अपरिहार्य कारणानें घडलेली गैरहजेरी हेतुपुरस्सर म्हणतां येत नाहीं.

मनोविकार दीर्घकाळ टिकून कायद्याच्या दृष्टीनें दिव्यांगत्व ठरला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचें २० वें कलम सरकारी नोकराच्या पाठीशीं उभें राहतें. जुनें काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरें द्यावें, तेंही नसेल तर जादा जागा निर्माण करावी. पण काढून टाकूं नये. खाजगी नोकराला या तरतुदीचा आधार नाहीं, आणि साध्या, तात्पुरत्या ताणालाही ती लागू नाहीं.

हें सारें संरक्षण कागदावर उभें असतें. लोक वेडा म्हणतील या भयानें ताप-खोकल्याचें निमित्त लिहिणारा, किंवा खात्याच्या पत्राला उत्तरच न देणारा रोगी आपलीच बाजू लंगडी करतो. मनोविकारतज्ज्ञाचा दाखला, वेळेवर केलेला अर्ज आणि त्याची पोंच, एवढें जपलें तर चौकशीच्या दिवशीं त्याचें मौन नव्हे, त्याचा आजार बोलतो.