आधी शोधन, मग रोपण

कातडी कापली गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते, पुढचे काही दिवस पांढऱ्या पेशी जंतू व मृत ऊती हटवत असल्यामुळे जागा लाल होऊन सुजते, त्यानंतर नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि कोलाजेन हे तंतुमय प्रथिन तयार होऊन खळगा भरत येतो, आणि शेवटी या तंतूंची फेररचना कित्येक महिने चालू राहते. एवढे होऊनही व्रणाच्या जागी मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक बळ येत नाही. परंपरेने जखमेवर वापरलेल्या वनस्पतींचे गुण समजून घ्यायचे, तर कोणती वनस्पती यांतल्या कोणत्या टप्प्यावर उपयोगी पडते, हे आधी पाहिले पाहिजे.

प्राचीन वैद्यांना हा क्रम ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात व्रणाचे ६० उपक्रम सांगितले असून, त्यांत शोधन, म्हणजे दूषित व्रण स्वच्छ करणे, आणि रोपण, म्हणजे स्वच्छ झालेला व्रण भरून आणणे, या दोन क्रिया स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. वड, उंबर, पिंपळ आदी पाच वृक्षांच्या सालींचा पंचवल्कल काढा वैद्य आजही जखम धुण्यासाठी वापरतात. या सालींतले टॅनिन हे तुरट द्रव्य उघड्या पृष्ठभागावरील प्रथिनांशी बांधले जाऊन पातळ थर तयार करते आणि त्यामुळे स्राव कमी होतो.

हळदीची कथा तर पेटंटच्या वादापर्यंत गेली. जखमेवर हळद वापरण्याबद्दल मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि जुन्या ग्रंथांबरोबरच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही पुराव्यादाखल मांडला. परिणामी १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. या विजयाने हा उपयोग जुना व सर्वज्ञात असल्याचे सिद्ध झाले, पण तो किती गुणकारी आहे, हा प्रश्न मुळात तिथे नव्हताच. हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते जखमेच्या ऊतींत पुरेसे पोहोचवणे ही संशोधकांपुढील मोठी अडचण आहे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना अधिक जवळची वनस्पती म्हणजे एकदांडी, जिला कंबरमोडी किंवा दगडी पालाही म्हणतात आणि जिचा पाला चुरगाळून खुरप्याच्या घावावर पिळण्याची रीत आहे. ही बांधावरची वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे, म्हणजे तिचा हा उपयोग इथल्या माणसांनी प्राचीन ग्रंथांच्या आधाराविना, निरीक्षणातून शोधला. परंपरा किती जिवंत असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. स्टेरॉइड दिल्यामुळे ज्यांच्या जखमा भरणे मंदावले होते अशा उंदरांत तिच्या रसाने सुधारणा झाल्याचे भारतीय संशोधकांना आढळले आहे. मंडूकपर्णीबद्दलची माहिती अधिक नेमकी आहे: कोकणात कारिवणा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वनस्पतीतील एशियाटिकोसाइड हे द्रव्य पेशींकडून होणारी कोलाजेनची निर्मिती वाढवते, म्हणजे ते प्रामुख्याने रोपणाच्या टप्प्याला साहाय्य करते, आणि तिच्या अर्कापासून केलेली मलमे काही देशांत औषध म्हणून विकली जातात.

या क्षेत्रातले बहुतांश प्रयोग उंदरांवरचे आहेत, माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत, आणि उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून भरत असल्यामुळे ते निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्याहून गंभीर बाब अशी की, घरगुती उपचारांत रोपण उरले आणि शोधन मात्र विसरले गेले. न धुतलेल्या पाल्यावर मातीतले जंतू असतात, आणि धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत व शेणात वर्षानुवर्षे टिकून खोल, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत वाढतात. म्हणून कोणतीही जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, घाव खोल किंवा मातीने माखलेला असेल, अथवा रुग्णाला मधुमेह असून जखम पायाला असेल, तर पाल्यावर विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल त्यांना आवर्जून विचारावे.