थंड इंजिनाचे मिसिंग : तपास पहाटे, दुरुस्ती नंतर

गॅरेज व्यवसायात आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या कार्बोरेटरवर ज्यांचा हात बसला, त्यांच्याच मुलांकडे आज ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी यांसारख्या वेगवान टर्बो गाड्या दुरुस्तीला येतात. या गाड्यांची एक तक्रार मिस्त्रीला हमखास गोत्यात आणते : "सकाळी गाडी मिसिंग करते, थरथरते, दहा मिनिटांनी अगदी ठीक."

गिऱ्हाईक गाडी घेऊन येतो अकरा वाजता. तोवर इंजिन गरम झालेले असते आणि दोष लपलेला असतो. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, नंतर कॉईल, नंतर सेन्सर. बिल वीस हजारांवर जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थरथर तशीच! गिऱ्हाईकाचे पैसे गेले आणि मिस्त्रीचे नावही गेले. म्हणून पहिला नियम असा की, गाडी रात्रभर गॅरेजात ठेवावी, स्कॅनर जोडून ठेवावा आणि फजरच्या नमाजानंतर स्वतः चालू करून पाहावी.

थंडपणी इंजिनात काय घडते ते आधी समजून घेऊ. थंड धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून कॉम्प्युटर जादा पेट्रोल देतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर तापल्याशिवाय काम करीत नाही. तोवर कॉम्प्युटर अंदाजानेच मिश्रण ठरवतो. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ठिणगी मुद्दाम उशिरा पाडली जाते. त्यामुळे पहिला अर्धा-एक मिनिट रेस चढलेली राहते आणि काही इंजिनांचा आवाज डिझेलसारखा खडखडीत येतो. हा दोष नव्हे. तसे असेल तर गिऱ्हाईकाला सरळ सांगावे आणि गाडी परत द्यावी. असे सांगणारा मिस्त्री दहा गिऱ्हाइके जोडतो.

थरथर त्यापुढेही राहिली तर तपास सुरू करावा. चावी फिरवून, पण इंजिन चालू करण्यापूर्वी, स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच हवेत. हवा २२ अंश आणि कूलंट ६० दाखवत असेल तर सेन्सर खोटे बोलत आहे. कॉम्प्युटरला इंजिन गरम वाटते, तो जादा पेट्रोल देत नाही आणि इंजिन उपाशी राहते. या तपासाला एक पैसा लागत नाही, तरी तो क्वचितच केला जातो.

पुढे मिसिंग कोणत्या सिलिंडरचे आहे ते पाहावे. पी ०३०१ हा कोड पहिल्या सिलिंडरचा, पी ०३०३ तिसऱ्याचा. पहिल्याची कॉईल तिसऱ्यावर बसवावी. कोडही तिसऱ्यावर गेला तर कॉईल दोषी. न गेल्यास हाच प्रयोग प्लगवर करावा. मालकाने ताकद वाढवण्यासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅमिंग बदलून घेतले आहे का, हेही विचारावे. टर्बोचा दाब वाढला की कॉईल आणि प्लगवरचा ताण वाढतो, आणि झिजून रुंदावलेला गॅप आधी तिथे उघडा पडतो.

एकाच सिलिंडरचा प्लग सकाळी ओला निघाला तर नाकाने ओळखावे. पेट्रोलचा वास आला तर इंजेक्टर रात्रभर गळतो आहे. वास पेट्रोलचा नसून गोडसर असेल, कूलंट कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. तेव्हा गाडी चालवू देऊ नये. रबरी नळ्याही तपासाव्यात. थंडीत त्या आकसतात आणि फटीतून हवा ओढतात. गरम झाल्यावर फट मिटते. धूर सोडून पाहिल्यास ती फट सापडते.

यात काहीच सापडले नाही आणि गाडी बरीच चाललेली असेल, तर इनटेक वॉल्व्हवरचा कार्बन पाहावा. जुन्या पद्धतीत पेट्रोल वॉल्व्हच्या पाठीवर पडत असे आणि ती धुतली जात असे. आता अनेक इंजिनांत ते थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. वॉल्व्हवर फक्त हवा आणि इंजिनातली तेलाची वाफ येते. तिचा काळा थर साचतो. थंड इंजिन आयडलिंगला असताना हवेचा वेग कमी असतो, त्यामुळे या थराचा अडथळा तेव्हाच सर्वांत जास्त जाणवतो. अशा इंजिनात टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटलीचा वॉल्व्हला काहीही उपयोग नाही, कारण ते पेट्रोल तिथे पोचतच नाही. तरीही या बाटल्या विकल्या जातात. माहीत असून विकणे हा व्यापार नव्हे, धोका देणे आहे. मॅनिफोल्ड उतरवून, वॉल्व्ह बंद स्थितीत ठेवून, अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारणे हाच खात्रीचा इलाज. उतरवण्यापूर्वी बारीक कॅमेरा घालून फोटो काढावा आणि मालकाला दाखवावा.

चेक लाइट लुकलुकत असेल तर मात्र थांबू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग जळतो. ही गोष्ट मालकाला फोनवरच सांगावी आणि गाडी टो करून मागवावी.

राहिला मजुरीचा प्रश्न. रात्रभर गाडी ठेवणे आणि पहाटेचा तपास, याचे पैसे वेगळे घ्यावेत. पण आकडा आधी सांगून जॉब कार्डावर लिहून घ्यावा. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून मालकाच्या हाती द्यावा.