भिंतीवर उकळणारी थंडी

गार हवेत निवांत बसलेल्या माणसाला सांगितलं की डोक्यावरच्या त्या पांढऱ्या खोक्यात या क्षणी काहीतरी उकळतंय, तर त्याचा विश्वास बसायचा नाही. पण ते अक्षरशः खरं आहे. एसीच्या आतल्या कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांतून आर-32 फिरत असतो. नव्या घरगुती एसींत बहुतेक हाच गॅस असतो. मोकळ्या हवेत तो उणे 52 अंश सेल्सिअसलाच उकळतो. दाब वाढवला की उत्कलनबिंदूही वर चढतो, म्हणून कॉइलमधला दाब असा राखलेला असतो की द्रव साधारण 10 अंशांच्या आसपास उकळावा. खोली असते 30 अंशांची. म्हणजे त्या द्रवासाठी आपली खोली हीच पेटती शेगडी! उकळायला लागणारी उष्णता तो खोलीतल्या हवेतून ओढून घेतो, आणि आपण म्हणतो, वा, काय गार वाटतंय.

बाहेरच्या युनिटमध्ये सगळं उलटं घडतं. कॉम्प्रेसर त्या वाफेला इतकं दाबतो की ती बाहेरच्या 40 अंशांच्या उन्हापेक्षाही गरम होते, मग ती उन्हालाच उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. तिथला दाब वातावरणाच्या 25-30 पट असतो. नंतर एका अरुंद वाटेने तो द्रव आत सोडला की दाब एकदम उतरतो आणि उकळणं पुन्हा सुरू.

दीड टनाच्या स्प्लिट एसीत हा गॅस असतो किती? किलोच्या आतबाहेर, अनेकदा त्याहून कमीच. एसी पूर्ण जोरात चालू असताना एवढासा गॅस मिनिटभराच्या आत आपली फेरी पूर्ण करतो. रात्रभरात अशा शेकडो फेऱ्या होतात, आणि त्यात एक ग्रॅमही खर्च होत नाही. तो जळत नाही, झिजत नाही, फक्त द्रवाची वाफ आणि वाफेचा द्रव होत राहतो. या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. म्हणूनच ‘गॅस दरवर्षी भरावाच लागतो’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नये. गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी भोक आहे.

असं गळणं एके काळी जीवावर बेतायचं. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. बर्लिनमध्ये अशाच गळतीने एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन अस्वस्थ झाले आणि लिओ झिलार्ड यांच्यासोबत त्यांनी हलते भाग नसलेल्या फ्रिजचे आराखडे केले, पेटंटही घेतली. पण बाजी मारली ती अमेरिकेतल्या थॉमस मिजली यांच्या फ्रिऑनने. ते विषारी नव्हतं, पेटत नव्हतं. 1974 मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवून दिलं की त्यातलं क्लोरिन वर जाऊन ओझोनचा थर पोखरतं. 1987 चा माँट्रिअल करार त्यातूनच आला.

जुन्या एसींतला आर-22 हा त्याच कुळातला. आर-32 मध्ये क्लोरिन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. मात्र उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट भारी. 700 ग्रॅम गॅस निसटला, तर तो जवळपास 470 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा, म्हणजे सुमारे 200 लिटर पेट्रोल जाळल्यासारखा. हे गणित एकदा मांडलं की गळती शोधल्याशिवाय गॅस भरून घेणं मनाला पटत नाही.

मग गळती ओळखायची कशी? आर-32 ला स्वयंपाकाच्या गॅससारखा वास नसतो, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही. पहिली खूण म्हणजे एसी तासन्‌तास चालतो आणि खोली गार होत नाही. दुसरी खूण मोठी गमतीची आहे: बर्फ. गॅस कमी आणि बर्फ जास्त, हे कसं? गॅस घटला की कॉइलमधला दाब उतरतो, दाबाबरोबर उत्कलनबिंदूही उतरतो, तो शून्याच्या खाली गेला की हवेतली वाफ नळीवर गोठते. उरलासुरला द्रव कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून संपतो, म्हणून बर्फ तेवढ्याच भागावर दिसतो आणि पुढचं कॉइल कोरडं, कोमट राहतं. फिल्टर धुळीने तुंबला तरी बर्फ धरतो, पण तेव्हा तो सहसा कॉइलभर पसरतो. म्हणून आधी फिल्टर धुवावा. आतल्या युनिटमधून पाणी टपकलं, तर मात्र लगेच गॅसवर आळ घेऊ नये. बहुधा पाण्याची नळी तुंबलेली असते.

तिसरी खूण तेलाची. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरतं. बाहेरच्या युनिटजवळ, पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला की तिथे साबणाचा फेस लावून बघावा. बुडबुडे फुगू लागले की चोर सापडला. बारीक गळतीसाठी कारागीर नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरतो आणि काटा उतरतो का ते पाहतो. ऑक्सिजन मात्र कधीही भरू द्यायचा नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

सगळ्यात विलक्षण भोकं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. फर्निचरच्या प्लायवुडमधून किंवा साफसफाईच्या रसायनांतून सुटणारी आम्लं ओलाव्यासोबत तांब्यावर बसतात आणि आत बोगदे कोरत जातात. आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मुंग्यांच्या वारुळासारखं जाळं दिसतं. तंत्रज्ञ या गंजाला मुंग्यांच्याच नावाने ओळखतात. गटार-नाल्याजवळच्या घरांत हायड्रोजन सल्फाइड वायूही तांबं खातो.

आर-32 हवेपेक्षा जड असतो आणि सौम्य ज्वलनशीलही. बंद खोलीत गळतीचा संशय आला, तर खिडक्या उघडाव्यात, ज्योत पेटवू नये. ज्वाळेत त्याचं विघटन होऊन विषारी वायू बनतो.

भोक बुजवलं की व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, आणि मगच गॅस भरायचा, तोही वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून. कोणता गॅस, किती ग्रॅम, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. कारागीर येण्याआधी ती पट्टी वाचून ठेवावी.