यंत्र घेतलं, अ‍ॅडमिन दुसराच

सेकंडहँड लॅपटॉप घरी आला की सुरुवातीला सगळं छान वाटतं. स्क्रीनवर ओरखडा नाही, बॅटरी बरी, यूट्यूब चालतं. अडतं ते काहीतरी बसवायला गेल्यावर. माझ्या भाचीचं टॅलीपाशी अडलं. इन्स्टॉलवर क्लिक केलं की स्क्रीन काळवंडायची आणि मधोमध चौकट यायची: अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. त्यावर कुणा अनोळखी माणसाचं नाव. तिच्या हाती आलेलं खातं साध्या वापरकर्त्याचं होतं. टाइप करा, पिक्चर बघा, पण मशीनभर बसणारं सॉफ्टवेअर टाकायचं, नवं खातं उघडायचं, तर त्या अनोळखी माणसाची परवानगी हवी. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मलाही लॉटमध्ये असाच आलाय."

नारायण पेठेतल्या ज्या दुरुस्तीवाल्याकडे आम्ही गेलो, त्याचं दुकान म्हणजे जेमतेम एक टेबल आणि मागे माळा. रॅमच्या पट्ट्या अंड्यांच्या ट्रेमध्ये लावलेल्या, भिंतीला पाठ करून उभे केलेले उघडे लॅपटॉप. त्याने पॉवरचं बटण दाबलंच नाही. आधी विचारलं, "बिल आहे का?" बिल दाखवल्यावर लॅपटॉप पालथा करून खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर बिलाशी एकेक आकडा जुळवला. बिल नसलेल्या मशिनला तो हात लावत नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला जागा असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि कुलूप उघडून देणाऱ्यालाही त्यात गोवलं जाण्याची भीती असतेच.

मग दुसरा प्रश्न. "ताई, आतलं काही हवंय का?"

भाची म्हणाली, "माझं काहीच नाही त्यात." तो म्हणाला, "मग पासवर्ड तोडत बसायचं नाही. विंडोज मारू."

पासवर्ड तोडता येत नाही असं नाही. विंडोजमधल्या स्थानिक खात्यांचे पासवर्ड 'सॅम' नावाच्या फाइलमध्ये राहतात, तेही जसेच्या तसे नाहीत, तर त्यांचा हॅश. मशीन पेनड्राइव्हवरून लिनक्सवर चालू केलं की विंडोज झोपलेलं असतं आणि ती फाइल राखायला कुणी नसतं. नॉर्वेच्या पेत्तर नूर्दाल-हागेन यांनी लिहिलेला 'सीएचएनटीपीडब्ल्यू' हा छोटा प्रोग्रॅम याच वाटेने जायचा. पासवर्ड ओळखण्याच्या भानगडीत न पडता तो सरळ कोरा करायचा. पण आधीच्या मालकाने विंडोजच्याच सोयीने काही फाइली कूटबद्ध केल्या असतील, तर असा बाहेरून पासवर्ड बदलल्यावर त्या उघडत नाहीत. आणि डिस्कवर बिटलॉकर असेल तर 48 आकडी रिकव्हरी कीशिवाय आतलं काहीच वाचता येत नाही.

मला मात्र तांत्रिक अडचणीपेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. जुनं अ‍ॅडमिन खातं उघडलं म्हणजे लॅपटॉप आपला झाला असं होत नाही. आपण दुसऱ्याच्या घरात शिरलेलो असतो. तिथे त्याचे फोटो, पगाराच्या स्लिपा, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड असतात. 2003 साली सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी 158 वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालू निघालेल्या 129 पैकी फक्त 12 नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे नंबरसुद्धा होते.

तर विंडोज मारायचं. त्याने बूटेबल पेनड्राइव्ह लावला, एफ12 दाबून त्यावरून मशीन चालू केलं. प्रोसेसर आठव्या पिढीचा होता, म्हणून विंडोज 11 बसणार होतं. पार्टिशनांच्या पानावर तो थांबला आणि भाचीला जवळ बोलावलं. चार ओळी होत्या. नुसती मोठी ओळ फॉरमॅट करून पुढे जाता येतं, पण त्याने एकेक ओळ निवडून डिलीट केली, शेवटी 'अनअलोकेटेड स्पेस' एवढी एकच ओळ उरेपर्यंत. एसएसडी असल्यामुळे एवढं पुरलं. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर 'डिस्कपार्ट'मध्ये 'क्लीन ऑल' देऊन सगळीकडे शून्यं लिहिली असती, आणि त्यात काही तास गेले असते. लायसन्सची चिंता नव्हती. ब्रँडेड मशिनांत विंडोज 8 पासून की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, ती उचलून विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

खरी कसोटी त्यानंतरची. त्याने मुद्दाम दुकानाचं वायफाय जोडलं आणि हाताची घडी घालून बघत राहिला. कंपन्यांच्या लॉटमधले लॅपटॉप इथेच अडकतात. कंपनीने मशिनची हार्डवेअर ओळख मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये नोंदवलेली असेल, तर नेट मिळताच पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथला ईमेल मागितला जातो. विंडोज कितीदाही मारा, पुन्हा तेच. नेट न जोडता सेटअप उरकला तर ते लपतं, आणि पुढच्या रीसेटला उभं राहतं. ती नोंद त्या कंपनीच्या आयटी विभागालाच काढावी लागते. बायॉसच्या पासवर्डचंही तसंच. जुन्या डेस्कटॉपला नाण्याएवढा सेल काढला की तो जायचा, आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये असतो. नव्या मॅकवर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असेल तर जुन्या मालकाने आपल्या अ‍ॅपल खात्यातून मशीन काढल्याशिवाय किंवा खरेदीचा पुरावा अ‍ॅपलने मान्य केल्याशिवाय सुटका नाही.

भाचीच्या पडद्यावर कुणाचं नाव आलं नाही. सेटअपचं नेहमीचं साधं पान आलं.

जुनी मोटारसायकल घेताना आपण आरसी बुक बघतो, टीटी फॉर्मवर सही घेतो. पन्नास हजारांचा लॅपटॉप मात्र चार्जर मिळाला की उचलतो. यात मी दोष घेणाऱ्याला देणार नाही. रीसेट करणं, खात्यातून यंत्र काढणं, ऑटोपायलटची नोंद पुसणं, ही सगळी कामं देणाऱ्याला बसल्या जागी करता येतात, आणि त्याने ती टाळली की घेणाऱ्याला दारोदार फिरावं लागतं. शेकड्यांनी लॅपटॉप लिलावात काढणाऱ्या कंपन्यांनी तरी हे आळसावर सोडू नये.

त्याने लॅपटॉप भाचीकडे वळवला. पहिलं खातं, म्हणजे अ‍ॅडमिनचं, तिने स्वतः केलं. मग त्याने तिला रोजच्या वापरासाठी दुसरं साधं खातं करायला लावलं. कायम अ‍ॅडमिन म्हणून वावरलं तर मेलमधून आलेली एखादी फाइल घाईत दाबलेल्या एका 'होय'वर अख्ख्या मशीनमध्ये शिरते. डिस्क कूटबद्ध होत होती, तर तिची 48 आकडी कीही वहीत उतरवून घ्यायला सांगितली.

आता ओळखीतलं कुणी जुना लॅपटॉप घ्यायला निघालं की मी एवढंच सांगतो: दुकानात बसूनच पूर्ण रीसेट करायला लावा, तिथल्याच नेटला जोडा, आपलं खातं आपल्या हाताने उघडा, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. पैसे त्यानंतर.