अट आणि जोड : शब्दयादीतील ओळींना सशर्त खूण जोडण्याविषयी

'मी मानवतला जातो' असे परभणी जिल्ह्यातील कोणीही सहज म्हणतो. 'हात' ह्या शब्दास तोच प्रत्यय लावताना मात्र आपण 'हातला' न म्हणता 'हाताला' म्हणतो. दोन्ही शब्दांच्या शेवटी 'त' आहे. पण एकाचे सामान्यरूप होते, दुसऱ्याचे होत नाही. बोलणाऱ्यास हा भेद शिकवावा लागत नाही; संगणकास तो शिकवावा लागतो. न शिकवल्यास शुद्धलेखन तपासणारा कार्यक्रम 'मानवतला' ह्या बिनचूक रूपाखाली तांबडी रेघ ओढतो, आणि लिहिणारा विद्यार्थी स्वतःच्याच भाषेविषयी साशंक होतो. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर यांत्रिक दिसला, तरी त्याचे महत्त्व ह्या ठिकाणी आहे.

लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी रचलेला 'हनस्पेल' हा तपासनीस आज अनेक भाषांसाठी वापरला जातो. त्याच्या दोन फाइली असतात. शब्दफाइलीत प्रत्येक ओळीवर एक शब्द, त्यापुढे तिरपी रेघ आणि नियमाची खूण असते. नियमफाइलीत त्या खुणेचा अर्थ दिलेला असतो : शब्दाच्या शेवटचे काय काढावे, काय जोडावे आणि शेवट कसा असेल तेव्हा हे करावे. 'पुणे' ह्यातील शेवटची मात्रा काढून '-्याला' जोडले की 'पुण्याला' होते.

नवी नावे घालताना प्रत्येक ओळीस हाताने खूण लावणे शक्य नसते. अशा वेळी बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहोन यांनी १९७३-७४ मध्ये रचलेले 'सेड' हे साधन उपयोगी पडते. ते फाइल ओळीओळीने वाचते. त्यास द्यावयाच्या आज्ञेचे तीन भाग मानता येतील : अट, जागा आणि जोड. ओळीचा शेवट '$' ह्या चिन्हाने दाखवितात. 'ज्या ओळीच्या शेवटी दीर्घ ईकार आहे, तिच्या शेवटी /क जोड' अशी आज्ञा दिली, की 'परभणी' ही ओळ 'परभणी/क' अशी होते; अट न जुळणाऱ्या ओळी तशाच राहतात. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास ही रीत परकी वाटू नये. पाणिनीच्या सूत्रांत ज्याच्या जागी आदेश होतो ते षष्ठीने, त्याच्या आधीचे पंचमीने आणि नंतरचे सप्तमीने दाखविलेले असते. तेथेही कार्य थोडे आणि अट सूक्ष्म असते.

आता परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची नावे घेऊ : परभणी, पाथरी, सेलू, मानवत, गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर, पूर्णा. 'क' ही खूण 'ला' थेट लागणाऱ्या नावांची समजू. पहिली तीन नावे ईकार-ऊकाराच्या अटीने सापडतात. पुढची पाच नावे व्याकरणदृष्ट्या अकारान्त आहेत. परंतु फाइलीत त्यांच्या शेवटी 'अ' हे चिन्ह नसते. म्हणून अट 'शेवटचे चिन्ह व्यंजनाक्षर असावे' अशी लिहावी लागते.

येथेच एक दोष उद्भवतो. 'क' ही खूणही व्यंजनाक्षरच आहे! त्यामुळे आधी खूण लागलेली 'परभणी/क' ही ओळ नव्या अटीतही बसते आणि 'परभणी/क/क' होते. तीच आज्ञा चुकून दुसऱ्यांदा चालविली, तर 'मानवत/क' ह्या ओळीचीही तीच गत होते. उपाय सोपा आहे : ज्या ओळीत तिरपी रेघ आधीच आहे ती वगळावी, अशी जादा अट घालावी. एका लक्ष्यावर एक नियम एकदाच प्रवृत्त होतो, ही वैयाकरणांची परिभाषा येथे अक्षरशः लागू पडते.

दुसरा धोका व्याप्तीचा. हीच आज्ञा सबंध शब्दफाइलीवर चालविल्यास 'जिंतूरला' बरोबर येईल. पण 'पूर' ह्या सामान्यनामाचे 'पुराला' न होता 'पूरला' हे अशुद्ध रूप शुद्ध ठरेल. म्हणून स्थलनामांची यादी वेगळी ठेवून तीवरच आज्ञा चालवावी आणि मग ती मूळ फाइलीत मिळवावी. नावापुढे राहिलेली एखादी मोकळी जागाही डोळ्यांस दिसत नाही, परंतु तिच्यामुळे अट जुळत नाही. ती आधी काढून टाकावी.

इतके केल्यावर आठ ओळींवर खूण येते व 'पूर्णा' उरते. 'सातारा' आणि 'पूर्णा' दोन्ही आकारान्त. परंतु 'साताऱ्याला' म्हणतात, आणि नदीविषयी बोलताना 'पूर्णेला'. अट केवळ अक्षरे पाहते. लिंग पाहत नाही. गावाच्या नावाचे रूप कोणते, हे त्या भागातील बोलणाऱ्यांस विचारूनच ठरवावे लागेल. म्हणून फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत राखावी, अटीत सापडलेल्या ओळी नुसत्या छापून पाहाव्यात, आणि न सापडलेल्या त्याहून काळजीपूर्वक वाचाव्यात. जोडण्याचे काम यंत्राने करावे. अट मात्र भाषा जाणणाऱ्याने घालावी.