खंडित उन्हाळी सत्र आणि उद्याच्या प्रवेशांचे नियोजन

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले आणि 'कमवा व शिका' योजनेने गरीब शेतकऱ्याच्या मुलालाही पदवीची वाट मोकळी करून दिली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे आले. जूनमध्ये प्रवेश, दिवाळीच्या सुमारास पहिल्या सत्राची अखेर आणि मार्च ते मे या काळात उन्हाळी परीक्षा, हे चक्र घराघरांत परिचित झाले. मार्च २०२० मध्ये ते थांबले.

लांबलेला उन्हाळा

२३ मार्च २०२० रोजी सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे परदेशातून परतलेल्या चौघांना कोरोनाची लागण झाल्याचे स्पष्ट झाले. दोनच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागू झाली. उन्हाळी सत्राच्या परीक्षा खोळंबल्या. जूनमध्ये राज्य शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचा निर्णय घेतला, तर ६ जुलै रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या घेण्याच्या सूचना दिल्या. परीक्षेविना अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट रोजी दिला. उन्हाळ्यातील परीक्षा अशा रीतीने शरद ऋतूपर्यंत लांबली. पदव्युत्तर प्रवेश, नोकरीचे अर्ज आणि पुढील सत्र ही सारी साखळी मागे सरकली. प्रथम वर्षाचे वर्ग १ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे वेळापत्रक आयोगाला आखावे लागले. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेने पुन्हा वर्ग बंद केले. ते २० ऑक्टोबर २०२१ पासून उघडले.

निकालाचा आकडा व खरी मागणी

प्रवेशक्षमता ठरविताना बारावीचा निकाल हा सर्वसाधारण आधार मानला जातो. महामारीत तोच आधार डळमळला. राज्याचा बारावीचा निकाल २०२० मध्ये ९०.६६ टक्के होता. २०२१ मध्ये लेखी परीक्षा रद्द झाली आणि दहावी, अकरावी व बारावीच्या गुणांना अनुक्रमे ३०, ३० व ४० टक्के महत्त्व देऊन निकाल लावण्यात आला. तो ९९.६३ टक्के होता. परीक्षा पूर्ववत झाल्यावर तो २०२२ मध्ये ९४.२२ आणि २०२३ मध्ये ९१.२५ टक्क्यांवर आला. एका वर्षीची ही भरती पाहून नव्या तुकड्या मागितल्या, तर भरती ओसरल्यावर वर्ग रिकामे राहणार, हे उघड आहे.

दुसरा आधार जनगणनेचा. २०२१ ची जनगणना महामारीमुळे लांबणीवर पडली, त्यामुळे नियोजनासाठी २०११ चेच आकडे हाताशी राहिले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. त्याला आधार हवा तो प्राथमिक शाळांच्या पटाचा. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० पासून १ डिसेंबर २०२१ पर्यंत बंद होते. २०२०-२१ मध्ये पहिलीत असलेले मूल नियमितपणे शिकल्यास २०३२ मध्ये महाविद्यालयाच्या दारात येईल. तेव्हा त्या पिढीसाठी जागा किती हव्यात, याबरोबरच तिच्या वाचन-गणिताच्या पायातील उणीव कशी भरून काढावी, याचाही विचार आराखड्यात व्हावयास हवा.

पटावरून गेलेली नावे

या दोन जिल्ह्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरलेली आहेत, तर जावळी-पाटणची माणसे मुंबईत माथाडी कामावर आहेत. टाळेबंदीत गावी परतलेल्या अशा घरांतील मुलांपैकी कोणी गावाकडे प्रवेश घेतला, कोणी शिक्षण सोडून कामाला लागला, याची नोंद एका महाविद्यालयाच्या नोंदवहीत सापडणार नाही. ज्या घरी एकच भ्रमणध्वनी होता, तेथे तो भावाच्या हाती गेला असेल आणि बहिणीचा तास बुडाला असेल. अशी मुलगी आकडेवारीत केवळ 'अनुपस्थित' ठरते. गावाला मात्र तिचे घर ठाऊक असते.

म्हणूनच हे काम ग्रामपंचायतीपासून सुरू झाले पाहिजे. २०२० ते २०२२ या काळात बारावी झालेली, परंतु पदवीपर्यंत न पोहोचलेली मुले-मुली किती, याची यादी शिक्षक व सदस्यांनी मिळून करावी. त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला आहे. तो त्या घरापर्यंत कोणीतरी पोहोचविला पाहिजे.

हुकलेल्या परीक्षा काही महिन्यांनी घेता आल्या. मात्र सुटलेला विद्यार्थी आपण होऊन परत येत नाही. त्याला बोलावून आणावे लागते. प्रवेशांच्या नियोजनाची पहिली ओळ गावातल्या या यादीनेच लिहिली जावी.